आठवीनंतर आमच्या मुली मैदानातून कुठे जातात?

शाळा सुरू होऊन पहिला पाऊस पडला की तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका भरण्याचे दिवस येतात. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या शाळेत चौदा वर्षांखालील मुलींची यादी करायला काहीच त्रास पडत नाही. कबड्डी असो, खो-खो असो, धावणे असो, जागा कमी आणि नावे जास्त अशी स्थिती असते. सतरा वर्षांखालील संघाची यादी करायला बसलो की मात्र कबड्डीसाठी सात मुली जमवताना नाकी नऊ येतात. दोन वर्षांपूर्वी ज्या मुली वर्गातून सर्वांत आधी मैदानावर पोहोचायच्या, त्याच आता पी.टी.च्या तासाला भिंतीला टेकून सावलीत बसलेल्या दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले. "सर, पोटात दुखतंय." "सर, अम्मी नको म्हणते." "सर, दम लागतो."

बाहेरच्या माणसाला यामागे एकच कारण दिसते, ते म्हणजे धर्म. मुसलमानांच्या मुली वयात आल्या की घरात बसणारच, असे तो गृहीत धरतो. आपल्यातही काहीजण तेच कारण पुढे करून विषय संपवतात. आम्ही बरीच वर्षे वर्गात आणि मैदानावर उभे राहून जे पाहिले ते वेगळे आहे. मुलगी मैदानातून एका दिवसात जात नाही. आधी तिच्या पोटातला नाश्ता जातो, मग अंगातले रक्त, मग दिवसातला रिकामा तास, मग अंगावरचा सोयीचा कपडा, आणि सर्वांत शेवटी परवानगी जाते. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी आहे. म्हणून ती एकेक करून पाहू.

पहिले कारण ताटात आहे

सकाळच्या पाळीच्या शाळेत येणाऱ्या मुलींना विचारून पाहा, काय खाऊन आलीस? बहुतेकींचे उत्तर चहा आणि पाव, चहा आणि खारी, नाहीतर नुसता चहा. भाऊ कारखान्यात किंवा दुकानावर जाणार म्हणून त्याच्यासाठी अंडे फोडले जाते. मुलगी धाकट्यांना तयार करून, भांडी घासून, चहाचा घोट घेऊन निघते. सातवी-आठवीपर्यंत दुपारी शाळेतला पोषण आहार तरी मिळतो. ही योजना आठवीला संपते. म्हणजे ज्या वयात शरीर सर्वांत झपाट्याने वाढते आणि मुलीची पाळी सुरू झालेली असते, नेमके त्याच वयात शाळेतले जेवण बंद होते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. वर्गात पन्नास मुली असतील तर त्यातल्या जवळजवळ तीस अशक्त आहेत, असा याचा सरळ हिशोब. हे कुठल्या एका समाजाचे दुखणे नाही, सर्वच घरांतले आहे. पण आपले घर त्यातून सुटलेले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

हिमोग्लोबिन हे रक्तातले लाल द्रव्य फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेते. ते बनायला लोह लागते. मुलींमध्ये ते दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी झाले की अशक्तपणा धरला जातो. अशी मुलगी जिना चढताना थांबते, धावताना तिच्या छातीत धडधडते, डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही. घरच्यांना ती आळशी वाटते. आमच्या नववीतल्या एका मुलीचे असेच झाले होते. पाचवी-सहावीत ती खो-खोमध्ये खांबाजवळ कुणाच्या हाती लागत नसे. नववीत दोन पाठलागांतच खाली बसू लागली. घरात तिला "कामचोर" म्हणत. आरोग्य पथक शाळेत आले तेव्हा तपासणीत तिचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघाले. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी औषध सुरू केले, तिच्या दादीने तिच्या खाण्याकडे स्वतः लक्ष दिले, आणि तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा पाटीवर बसली. तिच्यात आळस कधीच नव्हता, फक्त रक्त कमी होते.

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी देण्याची योजना आहे. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळीही दिली जाते, कारण पोटातले जंत खाल्लेल्या अन्नाचे रक्त होऊ देत नाहीत. आमच्या मोहल्ल्यांमध्ये या गोळ्यांविषयी अफवा फार पसरतात. गोळीने मुलींना पुढे मूल होत नाही, असेही कुणीतरी सांगून जाते. याला काडीचाही आधार नाही. तीच लोहाची गोळी गरोदर बायकांना बाळ सुदृढ व्हावे म्हणून दिली जाते, हे आपल्या अम्मी-खालांना चांगलेच ठाऊक आहे. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नये. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगले लागते.

आणि सगळे काही गोळीवर सोडायचे नसते. कलेजी, खिमा, अंडी, बाजरीची भाकरी, मेथी-शेपूची भाजी, भिजवलेले हरभरे, खजूर, शेंगदाणे आणि गूळ हे सारे आपल्या स्वयंपाकघरात असतेच. प्रश्न ते कुणाच्या ताटात पडते एवढाच आहे. घरात मटण शिजले की चांगल्या बोट्या आधी पुरुषांच्या दस्तरखानावर जातात आणि बायका-मुलींच्या वाट्याला शोरबा उरतो, ही पद्धत अनेक घरांत आहे. ज्याच्या अंगात रक्त कमी, त्याला बोटी आधी, असा नियम घरात केला तर ज्यादा पैसाही लागत नाही.

दिवस कुठे संपतो?

जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटांची अंगमेहनत सांगितली आहे. धावणे, खेळणे, दोरीवरच्या उड्या, सायकल, घाम येईल असे काहीही चालते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या एका अभ्यासात ११ ते १७ वयाची १०० पैकी ८१ मुले एवढीही हालचाल करत नाहीत असे दिसले. मुलींमध्ये हा आकडा ८५ होता, मुलांमध्ये ७८. म्हणजे मुली मागे आहेत खऱ्या, पण मुलेही काही फार पुढे नाहीत.

आपल्या मुलांचा दिवस मांडून पाहू. फजरनंतर किंवा असरनंतर मकतब. शाळा. शाळेनंतर ट्यूशन. मग गृहपाठ. मुलगी असेल तर त्यात स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे. मुलगा असेल तर अब्बूंच्या दुकानावर किंवा गॅरेजवर दोन तास. आणि रात्री सगळ्यांच्या हातात मोबाईल. या दिवसात मकतबला सुट्टी नाही, ट्यूशनला नाही, मोबाईलला तर नाहीच. कपात होते ती फक्त खेळाची.

शाळाही यात मागे नाही. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय वेळापत्रकात असतो, त्याला श्रेणीही असते. पण दहावीची परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला नाहीतर इंग्रजीला दिला जातो, आणि पालकांनाही ते बरे वाटते. वर्षभर ज्याने अंग हलवले नाही तो परीक्षेच्या वेळी तीन तास ताठ बसू शकत नाही, पाठ आणि मान धरते, झोप नीट लागत नाही, हे मात्र कुणी मोजत नाही. खेळणारे मूल लवकर झोपते, लवकर उठते आणि वाचायला बसले की टिकून बसते. हे सांगायला मोठा अभ्यास नको, कुठल्याही वर्गशिक्षकाला विचारा.

मुलांविषयी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मैदान सुटलेला मुलगा घरात बसत नाही, तो नाक्यावर जातो. तिथे त्याच्या हातात चेंडू नसतो, पुडी असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी ती पुडी कुठे मिळते हे आठवीतल्या पोराला माहीत असते. संध्याकाळी असर ते मगरिब हा वेळ जर घराने खेळासाठी राखून ठेवला, तर पोरगा नजरेसमोर राहतो, थकून घरी येतो आणि इशानंतर गाढ झोपतो.

कपडे, पडदा आणि परवानगी

मुलींच्या बाबतीत सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे, म्हणून तो मोकळेपणाने बोलू. अनेक अब्बूंचे म्हणणे असे असते की, "खेळू द्यायला आमची ना नाही, पण ते कपडे आमच्याने बघवत नाहीत." हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर देता येते, आणि जगात ते दिलेही गेले आहे.

२०११ च्या जून महिन्यात जॉर्डनमधील अम्मान येथे इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोके झाकल्यामुळे ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला गेला नाही. त्यावर जगभर चर्चा झाली आणि २०१४ मध्ये फुटबॉलच्या नियमांत डोके झाकून खेळायला रीतसर मुभा मिळाली. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०१७ मध्ये तशी परवानगी दिली. अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद लहान असताना तिच्या आईने एका शाळेत तलवारबाजीचा सराव पाहिला. खेळाडूंचे सारे अंग झाकलेले होते. आपल्या मुलीसाठी हा खेळ ठीक आहे, असे तिला वाटले. तीच इब्तिहाज २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालून खेळली आणि संघासह कांस्यपदक घेऊन आली. इथे आईने मुलीला खेळापासून तोडले नाही, घराच्या रीतीत बसेल असा खेळ शोधून दिला.

आपल्याकडे तेलंगणातल्या निजामाबादची निखत जरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. नातेवाइकांनी तिच्या कपड्यांवरून बोल लावले तेव्हा तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. दोन घरांचे निर्णय वेगवेगळे होते. दोन्हींत सारखे एवढेच, की मुलीला खेळू द्यायचे हे आधी ठरले आणि कपड्यांचा विचार नंतर झाला. आपल्याकडे बहुधा उलटे होते. कपड्यांवर बोलणे अडते आणि खेळापर्यंत गोष्ट पोहोचतच नाही.

धर्माचे नाव घेऊन मुलींचा खेळ बंद करणाऱ्यांनी हजरत आयशा (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. प्रेषितांनी (स.) त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या आणि काही वर्षांनी आप (स.) जिंकले, असे हदीसमध्ये आले आहे. ज्या घरात शर्यतीची आठवण इतक्या प्रेमाने जपली गेली, त्या घराचे नाव घेऊन मुलीचे पाय बांधणे कितपत बरोबर आहे?

रोजच्या व्यवहारात हे अवघड नाही. पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट, ट्रॅकपँट, आणि डोक्याला घट्ट बसणारा, पिन नसलेला सुती स्कार्फ एवढे पुरे. ओढणी मात्र खेळताना गळ्यात नको, ती कबड्डीत धरली जाते आणि गळ्याला फास बसतो. पिनही नको, ती टोचते. पायात चपलेऐवजी साधे कॅनव्हासचे बूट हवेत. घरून बुरखा घालून येणाऱ्या मुलीला शाळेत तो उतरवून ठेवायला आणि कपडे बदलायला एक बंद खोली मिळाली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. सरावाला शिक्षिका हजर असेल आणि मैदानाच्या कडेला चार आया बसल्या असतील तर उरलेला निम्माही सुटतो.

महिन्याचे चार-पाच दिवस

"सर, पोटात दुखतंय" या वाक्यामागे बऱ्याचदा पाळी असते. मुलगी सरांना सांगू शकत नाही आणि सर विचारू शकत नाहीत. एकदा कपड्यावर डाग पडण्याची भीती बसली की मुलगी ते चार-पाच दिवसच टाळत नाही, पूर्ण महिना टाळू लागते, कारण तारीख पुढेमागे झाली तर काय ही धास्ती असते. त्यात शाळेच्या शौचालयात पाणी नसेल, कडी तुटलेली असेल, तर ती शाळेत पाणी पिणेच सोडते. पाणी न पिणारी मुलगी उन्हात धावली की चक्कर येऊन पडते, आणि मग "झेपत नाही तर कशाला खेळवता?" म्हणून तिचे नाव कायमचे कापले जाते.

पाळीत खेळल्याने अपाय होत नाही. हलक्या व्यायामाने पुष्कळ मुलींचे दुखणे कमीच होते. ज्या दिवशी फार त्रास असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी. रक्तस्राव आठवडाभरापेक्षा जास्त चालत असेल किंवा दर दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, कारण अंगातले रक्त तिथूनही कमी होते. हे बोलणे अम्मीने मुलीची पाळी सुरू होण्याआधीच करून ठेवावे. शाळेत एका शिक्षिकेकडे पॅड असावेत आणि कुणाकडे मागायचे हे प्रत्येक मुलीला माहीत असावे.

जागा नाही म्हणून?

जुन्या वस्तीतल्या आपल्या अनेक शाळा दोन पाळ्यांत भरतात. इमारत आहे, पटांगण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे. तो आग्रह धरलाच पाहिजे. पण तोवर मुले थांबू शकत नाहीत. महिलांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते. बॅडमिंटनचे कोर्ट साडेतेरा मीटरहून किंचित लहान आणि सहा मीटरहून किंचित रुंद. एवढी जागा शाळेच्या अंगणात, मोहल्ल्यातल्या शादीखान्यात किंवा शाळेच्या गच्चीवर कठडा उंच करून निघू शकते. शादीखाना आठवड्यातले बरेच दिवस रिकामा असतो आणि त्याला चारी बाजूंनी भिंती असतात. मुलींसाठी याहून सोयीची जागा कोणती? दोरीवरच्या उड्यांना तर एका चटईएवढी जागा पुरते, आणि दहा मिनिटांत घाम निघतो.

पुढच्या शिक्षणाचा हिशोब करणाऱ्या पालकांसाठी एवढेच सांगतो. ठरलेल्या पातळीपर्यंत स्पर्धेत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव क्रीडागुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पोलीस भरतीत तर धावणे आणि गोळाफेक मुलींनाही चुकत नाही. आज मैदानावर न पाठवलेली मुलगी उद्या त्या रांगेत दमून मागे राहते.

घराने आणि शाळेने काय करावे?

घराने पाच गोष्टी कराव्यात. मुलीला सकाळी काही खाल्ल्याशिवाय दारातून बाहेर सोडू नये, अंडे नसेल तर रात्रीची भाकरी आणि गूळ-शेंगदाणे चालतील. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा देऊ नये. वर्षातून एकदा मुलाचे आणि मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. संध्याकाळचा एक तास खेळासाठी राखावा. आणि "आता तू मोठी झालीस" हे वाक्य खेळ बंद करण्यासाठी वापरू नये.

शाळेनेही पाच गोष्टी कराव्यात. पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. मुलींचा सराव शिक्षिकेच्या देखरेखीखाली आणि उजेड असताना संपवावा. स्पर्धेला बाहेरगावी नेताना कुठे जाणार, कोण सोबत आहे, किती वाजता परतणार हे पालकांना लेखी कळवावे आणि एखाद्या आईला सोबत न्यावे. दमा, हृदयाचा त्रास किंवा फिट्स असलेल्या मुलांची नोंद ठेवावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनाही खेळता येते, फक्त पंप जवळ असावा लागतो. रमजानमध्ये रोजेदार मुलांचा दौडीचा सराव थांबवून सकाळी हलका व्यायाम घ्यावा. महिनाभर सारेच बंद केले तर परत सुरू करणे जड जाते.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना, आणि त्यातही मातांना, जागा असते. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत ही समिती सल्लागार असते, पण सल्ला देण्यापासून कुणी अडवलेले नाही. पुढच्या बैठकीत जाताना दोन प्रश्न घेऊन जावेत. शौचालयात पाणी आणि कडी आहे का? आणि आठवी-नववीच्या मुलींना आठवड्यात प्रत्यक्ष किती तास खेळायला मिळते?

वाचक भगिनींनो, हाडे मजबूत होण्याचे वय एकदाच येते. अंगातली बहुतेक हाडांची ताकद अठरा-वीस वर्षांपर्यंत साठते, आणि पुढचे सारे आयुष्य, बाळंतपणे, घरकाम, म्हातारपण, त्याच साठ्यावर चालते. गुडघे धरून उठणारी आपली दादी-नानी आपण रोज पाहतो. आपल्या मुलीचे गुडघे कसे असावेत हे आत्ता ठरते आहे. या आठवड्यात तिला एवढेच विचारा, शेवटची कधी धावली होतीस? उत्तर आठवायला तिला वेळ लागला, तर आज असरनंतर तिला बूट घालून बाहेर घेऊन चला.